दवाखान्याचे दप्तर

डॉक्टरांचा खाजगी दवाखाना हे दुकान आहे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता फावल्या वेळच्या वादविवादालाच शोभण्यासारखा वाटत असला, तरी १९६८ साली तो प्रत्यक्ष सर्वोच्च न्यायालयापुढे निर्णयासाठी आला होता. द्वैभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाल्यानंतरही १९४८ चा मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम गुजरातेत अंमलात राहिला होता, आणि त्या अधिनियमाच्या तरतुदी पाळल्या नाहीत म्हणून तेथील एका डॉक्टरांवर फिर्याद गुदरण्यात आली होती. जो व्यवसाय करणाऱ्याच्या वैयक्तिक विद्येवर, बुद्धीवर आणि कौशल्यावर मुख्यत्वे उभा आहे, त्याचा दवाखाना वाणिज्यिक आस्थापना ठरत नाही, असा निकाल न्यायालयाने दिला, आणि वैद्यकाची प्रतिष्ठा राखली गेली म्हणून व्यवसायबंधूंनी समाधान मानले. ते समाधान फार काळ टिकले नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७७ साली अधिनियमातील व्याख्याच बदलून डॉक्टरांना तिच्यात ओढून घेतले. २०१७ च्या नव्या अधिनियमातही त्यांचे स्थान कायम राहिले. आणि १३ नोव्हेंबर १९९५ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने, मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कक्षेत येते असे ठरवून, फी देणारा रुग्ण हा कायद्याने ग्राहक असल्याचे स्पष्ट केले.

असा हा दवाखाना, ज्याला दुकान म्हटलेले डॉक्टरांना रुचत नाही आणि देवालय म्हटलेले रुग्णांना पटत नाही, रोज सकाळी नऊला उघडतो आणि त्याला भाडे असते, वीजबिल असते, नोकरांचे पगार असतात, बँकेचा हप्ता असतो. या सर्वांचे काय करावे, हे साडेपाच वर्षांच्या एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात कोणी शिकवीत नाही. न्यायवैद्यक शिकवितात, त्यात विषप्रयोगाची लक्षणे असतात. रोजमेळ कसा लिहावा ते नसते. त्यातून आपल्या मध्यमवर्गीय घरांत विद्या आणि पैसा यांचा उल्लेख एका दमात करू नये असा एक जुना संकेत आहे, त्यामुळे पदवी घेऊन बाहेर पडलेला तरुण डॉक्टर पैशाच्या प्रश्नाकडे पाठ फिरवूनच खुर्चीवर बसतो. परंतु हिशेबाला हात लावणे कमीपणाचे मानणारा डॉक्टर हिशेबातून सुटत नाही. त्याचा हिशेब दुसरे कोणी तरी ठेवू लागते, कधी कंपाउंडर, कधी तळमजल्यावरचा औषधविक्रेता, कधी तपासणीकेंद्राचा चालक, कधी विमा कंपनीचा कारकून. आणि ज्याच्या हाती हिशेब जातो त्याचा हात कालांतराने औषधाच्या चिठ्ठीपर्यंत पोचतो. या प्रकरणात दप्तराचा विचार करावयाचा आहे तो मुख्यतः या दृष्टीने.

प्रथम फीचा विचार केला पाहिजे, कारण बाकीच्या बहुतेक अडचणी तिच्या पोटी जन्म घेतात. महाराष्ट्रातील जुना फॅमिली डॉक्टर सल्ल्याचे पैसे घेत नसे. तो औषधाचे घेई. बाहेरच्या खोलीत बाकावर रुग्ण, आतल्या खोलीत डॉक्टर, आणि दोहोंच्या मधे एका लाकडी आडोशाला चौकोनी खिडकी पाडून तिच्यामागे कंपाउंडर, अशी त्या दवाखान्याची रचना असे. घरून धुऊन आणलेली बाटली त्या खिडकीतून आत जाई, आणि थोड्या वेळाने लालसर अथवा पांढुरके मिश्रण भरून, खाचा पाडलेली कागदाची पट्टी खळीने चिकटवून परत येई. एक खाच म्हणजे एक डोस. सोबत कागदात बांधलेल्या पुड्या. ‘दोन दिवसांचे औषध’ या एका शब्दप्रयोगात तपासणी, निदान, उपदेश आणि मिश्रण यांची एकत्रित किंमत सामावलेली असे, आणि ती किंमतही बहुधा डॉक्टर सांगत नसत, खिडकीमागून कंपाउंडर सांगे. १९४५ च्या औषध नियमावलीने नोंदणीकृत डॉक्टराला स्वतःच्या रुग्णांना औषध देण्याची मुभा ठेवली आहे ती आजही आहे. अट एवढीच की त्याने उघडे दुकान मांडू नये आणि येणाऱ्याजाणाऱ्याला औषध विकू नये.

या पद्धतीत संकोचाचे निवारण उत्तम होत होते, परंतु तिने एक अशी सवय मागे ठेवली की जिचे परिणाम आपण अद्याप भोगीत आहो. हाती वस्तू पडली तर पैसे द्यावेत, नुसत्या शब्दांना कसले पैसे, ही ती सवय. ‘तुम्हाला काहीही झालेले नाही, औषधाची गरज नाही, चार दिवस पाणी भरपूर प्या’ असे सांगणारा डॉक्टर वास्तविक आपल्या विद्येचा सर्वांत अवघड उपयोग करीत असतो, कारण काही नाही असे छातीठोकपणे सांगण्यासाठी पुष्कळ काही माहीत असावे लागते. पण त्याच्याकडून उठताना रुग्णाचा हात खिशाकडे जड होतो. उलट दंडावर एक सुई टोचली की तोच हात मोकळा सुटतो. अनावश्यक इंजेक्शनांचा आणि सलाइनच्या बाटल्यांचा जो सुळसुळाट आपल्या खेड्यापाड्यांत झाला, त्याचे खापर केवळ डॉक्टरांच्या लोभावर फोडणे मला अन्यायाचे वाटते; सल्ल्याला किंमत न देणाऱ्या आपणा सर्वांचा त्यात वाटा आहे.

फीमधील सवलतींची मामूलही मोठी गुंतागुंतीची. आप्तेष्ट फुकट, शेजारी निम्म्यात, मुलांचे मास्तर फुकट, आणि आठ दिवसांत ‘नुसते रिपोर्ट दाखवायला’ आलेला तर फुकटच. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी या बाबतीत काही गोष्टी लिहूनच ठेवल्या आहेत: फीचा दर दवाखान्यात ठळकपणे लावलेला असावा, ‘गुण आला तर पैसे’ असा करार करू नये, व्यवसायबंधूंकडून व त्यांच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांकडून फी न घेण्यात धन्यता मानावी. अत्यवस्थ रुग्णाच्या बाबतीत तर प्राण वाचविणे हेच पहिले कर्तव्य, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. पण गरिबाला सूट देणे निराळे आणि मागण्याची लाज वाटते म्हणून सोडून देणे निराळे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील डॉ. भाऊ दाजी लाड यांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला, पण त्यांचा खाजगी व्यवसायही मुंबईत जोरात चालत होता. सूट देण्यासाठी अगोदर दर असावा लागतो.

आता एक उदाहरण मांडून पाहू. आकडे काल्पनिक आहेत, पण तालुक्याच्या गावी बसणाऱ्या कोणाही फिजिशियनला ते परके वाटू नयेत. समजा, गाळ्याचे भाडे, दोन नोकरांचे पगार, वीज, उपकरणांचे हप्ते, कचरा उचलणाऱ्या संस्थेची वर्गणी, किरकोळ साहित्य असा सर्व मिळून महिन्याचा खर्च १,२०,००० रुपये येतो. महिन्याचे पंचवीस दिवस काम, रोज तीस रुग्ण, म्हणजे महिन्याला साडेसातशे. तेव्हा प्रत्येक रुग्ण दाराच्या आत आला की १६० रुपये खर्च झालेले असतात, मग तो फी देवो वा न देवो. तिसांपैकी दहा जण फेरतपासणीचे, नात्यातले अथवा गरीब म्हणून विनामूल्य पाहिले, आणि उरलेल्या वीसजणांनी ३०० रुपये दिले, तर महिन्याची जमा १,५०,००० होते आणि डॉक्टरांच्या स्वतःच्या पदरी ३०,००० पडतात. दहाबारा वर्षे शिकून, रात्रीअपरात्री उठून मिळालेली ही रक्कम पाहून त्यांना खेद होतो. पण आपण खर्च कधी मांडलाच नसल्यामुळे खेदाचे कारण उमगत नाही, आणि दवाखाना तर सदा भरलेला दिसतो. त्यांनी फी पन्नास रुपयांनी वाढविली तर महिन्याला २५,००० अधिक येतील, म्हणजे हाती राहणारी रक्कम जवळजवळ दुप्पट होईल. ते पन्नास रुपये मागताना त्यांची जीभ अडखळते.

आणि नेमक्या याच वेळी दारात एक गृहस्थ येतो. तो जिल्ह्याच्या गावी नव्याने निघालेल्या तपासणीकेंद्राचे कार्ड पुढे करतो, हवापाण्याच्या गोष्टी बोलतो, आणि उठता उठता सांगतो की, ‘सर, आमच्याकडे सगळ्यांचे महिन्याच्या महिन्याला पोचते.’ त्या पाकिटाला आपल्याकडे कट म्हणतात. पंचवीस हजारांची जी तूट पन्नास रुपयांच्या वाढीने उघडपणे भरून निघाली असती, ती आता कोणालाही न दुखविता, कोणापुढे जीभ न अडखळता भरून निघते. फक्त ती भरून काढण्यासाठी महिन्याकाठी काही रुग्णांना अशा यंत्रांखाली निजावे लागते की ज्यांची गरज नव्हती, आणि पन्नास रुपयांऐवजी हजारो रुपये मोजावे लागतात. २००२ च्या आचारनियमांनी अशी दलाली घेण्यास व देण्यास स्पष्ट मनाई केली आहे; २००९ च्या दुरुस्तीने औषधकंपन्यांकडून भेटी, प्रवास आणि पाहुणचार घेण्यासही बंदी केली; आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने, अशा भेटींवर कंपन्यांनी केलेला खर्च आयकरात वजावटीस पात्र नाही, असे ठरवून त्या मार्गाची एक वाट अरुंद केली. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली कटप्रथेविरुद्ध स्वतंत्र कायद्याचा मसुदाही तयार करविला होता. मसुद्याचा कायदा झाला नाही.

कट घेणारे सर्व डॉक्टर मुळात लोभी असतात असे मला वाटत नाही. त्यांतील पुष्कळसे असे असतात की ज्यांनी दवाखाना उघडण्यापूर्वी दिवसाला किती रुग्ण आले म्हणजे हप्ता फिटेल, हे एका पोस्टकार्डावर मावेल एवढे गणितसुद्धा केलेले नव्हते. आणि मग सोनोग्राफीच्या यंत्राचा हप्ता थकला की यंत्र चालविण्यासाठी रुग्ण शोधणे भाग पडते. कर्ज काढण्यापूर्वी यंत्राची खरोखर गरज असलेले रुग्ण गेल्या सहा महिन्यांत आपण किती पाहिले, याचा शोध स्वतःच्या वहीत घ्यावा. वही नसेल तर यंत्रही घेऊ नये.

ती वही कशी असावी, हे मोठ्या आश्चर्याची गोष्ट म्हणजे आयकर खात्यानेच सांगून ठेवले आहे. १९६१ च्या आयकर अधिनियमाखालील नियमावलीने डॉक्टरांसाठी ‘३-सी’ नावाचा दैनंदिन नोंदवहीचा एक नमुना घालून दिला: तारीख, अनुक्रमांक, रुग्णाचे नाव, दिलेल्या सेवेचे स्वरूप (साधी तपासणी, इंजेक्शन, शस्त्रक्रिया, घरभेट वगैरे), मिळालेली फी आणि ती मिळाल्याची तारीख. त्याखेरीज वर्षाच्या पहिल्या व शेवटच्या दिवशी दवाखान्यात शिल्लक असलेल्या औषधांची यादी. सरकारी नमुन्यांबद्दल चांगले बोलण्याचे प्रसंग लेखकाच्या वाट्याला क्वचितच येतात, म्हणून येथे मुद्दाम सांगतो की हा नमुना समंजस माणसाने केलेला आहे. संध्याकाळी शेवटचा रुग्ण गेल्यावर जो डॉक्टर तो पाच मिनिटे भरील, त्याला महिनाअखेर आपल्या व्यवसायाचे चित्र दिसेल: कोणत्या वारी गर्दी असते, घरभेटींत किती वेळ जातो, बाकी कोणाकडे आहे. मेजाच्या खणात दिवसभर नोटा टाकावयाच्या आणि रात्री त्याच खणातून भाजी, पेट्रोल आणि कंपाउंडरची उचल द्यावयाची, ही जी सर्वत्र रूढ पद्धत आहे, तिच्यात उत्पन्न आणि गल्ला यांतील भेदच नाहीसा होतो.

त्याच अधिनियमाने लहान व्यावसायिकांना एक सोयीची पळवाट दिली होती: विहित मर्यादेच्या आत जमा असेल तर तिच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवावी, वह्या ठेवण्याची यातायात नको. सोय ऐकून पुष्कळांना हायसे वाटले. पण वरच्या उदाहरणातील फिजिशियनची वर्षाची जमा १८ लाख आहे, आणि खरे उत्पन्न ३ लाख ६० हजार. वह्यांचा आळस करून त्यांनी निम्म्याचा मार्ग पत्करला तर ९ लाखांचे उत्पन्न त्यांनी स्वहस्ते कबूल केल्यासारखे होते. ज्याचा खर्च थोडा, म्हणजे जो केवळ सल्ला देतो, त्याला हा मार्ग ठीक. ज्याच्याकडे चार खाटा आणि तीन पाळ्यांच्या परिचारिका आहेत त्याने वह्याच ठेवाव्यात.

पैशाच्या वहीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व रुग्णाच्या केसपेपरला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनारी मे १९५३ मध्ये एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले; त्याला पुण्यास एका शल्यचिकित्सकांच्या रुग्णालयात आणले, आणि तेथे त्याचा मृत्यू झाला. वडिलांनी लावलेला दावा पायऱ्या चढत सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६८ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी, निकालात निघाला. रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरविताना, कोणता उपचार करावा हे ठरविताना, आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना, अशा तीन ठिकाणी डॉक्टराने वाजवी काळजी घेतली पाहिजे, हे त्या निकालातील विवेचन पुढे असंख्य खटल्यांत आधाराला घेतले गेले. परंतु त्या खटल्यातील कळीचा वाद तत्त्वाचा नव्हताच. हाड बसविताना भूल दिली होती की नव्हती, एवढ्या एका वस्तुस्थितीचा होता. कोणी काय, केव्हा, किती दिले, हे त्याच घटकेला लिहून न ठेवल्यास पंधरा वर्षांनी न्यायाधीशांना साक्षीदारांच्या स्मरणशक्तीवर विसंबावे लागते, आणि त्या स्मरणशक्तीला तोवर दोन वेगवेगळे वकील भेटलेले असतात.

आचारनियमांप्रमाणे आंतररुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवावी लागतात, आणि रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांत प्रती द्याव्या लागतात. केसपेपर ही रुग्णालयाची खाजगी मिळकत आहे, असा समज पूर्वी रूढ होता. तो मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच दूर केला. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यास साधारणतः दोन वर्षांची मुदत असल्यामुळे तीन वर्षे पुरेशी वाटतात, तथापि लहान मुलांच्या बाबतीत मुदतीची गणना निराळी होते, तेव्हा बालरोग आणि प्रसूती यांची दप्तरे मूल सज्ञान होऊन पुढे काही काळ लोटेपर्यंत फाडू नयेत. मजकुरात मागाहून खाडाखोड करणे सर्वांत घातक. चुकीची ओळ एका सरळ रेघेने खोडून, खाली सही आणि वेळ घालावी. मूळ अक्षरे वाचता आली पाहिजेत. औषधाची चिठ्ठी तर २०१६ च्या दुरुस्तीनुसार सुवाच्य, शक्यतो मोठ्या लिपीत आणि औषधाच्या मूळ नावाने लिहावयाची आहे.

संमतीपत्राची कहाणी याहून करुण आहे. वैध संमती म्हणजे रुग्णाला रोग, उपचार, पर्याय आणि धोके समजावून सांगितल्यावर त्याने दिलेला रुकार, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली विस्ताराने सांगितले. आपल्याकडे प्रत्यक्षात काय घडते? बीड किंवा जालना जिल्ह्यातील एखादी म्हातारी शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशी चाकाच्या खुर्चीत बसलेली असते, आणि तिच्या मुलापुढे बारीक इंग्रजी टाइपातील एक कागद येतो. ‘इथं, इथं आणि इथं,’ सिस्टर बोटाने दाखवते. मुलगा तीन सह्या करतो. ‘काय लिहिलंय ओ ह्याच्यात?’ असे त्याने विचारलेच, तर ‘सगळ्यांचीच घेतो, काका’ हे उत्तर मिळते. हा कागद न्यायालयात डॉक्टरांच्या फारसा कामी येत नाही, आणि येऊही नये. मराठीत, हाताने, त्या रुग्णाला जे सांगितले तेच चार ओळींत लिहून घेतलेली सही शंभर छापील कलमांपेक्षा भक्कम ठरते, आणि तिला दहा मिनिटे लागतात.

राहिले परवाने. त्यांची यादी कंटाळवाणी आहे म्हणून भराभर सांगून टाकतो. डॉक्टरांच्या नोंदणीची पद्धत मुंबई इलाख्यात १९१२ च्या अधिनियमाने सुरू झाली. आज महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, त्यासाठी तीस गुणांची शैक्षणिक उपस्थिती दाखवावी लागते, आणि नोंदणीक्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर, दाखल्यावर व पावतीवर असावा लागतो. खाटा असतील तर १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखालील त्रैवार्षिक नोंदणी. १९७५ च्या अधिनियमाप्रमाणे व्यवसाय कर, वर्षाचे २,५०० रुपये. विहित संख्येपेक्षा कमी नोकर असल्यास दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली नोंदणीऐवजी नुसती सूचना. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळी, लाल, पांढरी व निळी अशी चार भांडी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने १९८८ सालीच, देशात सर्वांत आधी केला. पुढच्या केंद्रीय कायद्याखालील ‘एफ’ फॉर्म अपुरा भरणे ही केवळ कारकुनी चूक मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरविल्यापासून सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी तो फॉर्म दुसऱ्यावर सोपविण्याची हिंमत करू नये.

या सर्व कागदांहून दवाखान्याची कीर्ती अधिक अवलंबून असते ती दारातल्या माणसावर. गावात डॉक्टरांविषयी जे मत बनते ते बहुधा नंबर लावण्याच्या खिडकीपाशी बनते. ओळखीच्यांना आधी आत सोडणारा, म्हाताऱ्याला ‘ए बाबा’ म्हणणारा, आणि डॉक्टर कधी येणार याचे उत्तर सदैव ‘येतीलच आता’ असे देणारा सेवक ज्यांच्या पदरी आहे, त्यांच्या निदानाची अचूकता कोणाच्या लक्षात राहत नाही. अशा सेवकाला डॉक्टर वीस वीस वर्षे पोसतात, कारण तो इमानी असतो; पण त्याच्या पगाराची पावती, रजेचा हिशेब, वर्षाची वाढ यांतले काही कागदावर नसते, आणि एक दिवस तो समोरच्या नव्या रुग्णालयात गेला म्हणजे डॉक्टरांना ती कृतघ्नता वाटते.

पाटी आणि प्रसिद्धी यांबाबत आचारनियम कडक आहेत. अवास्तव मोठी पाटी नको, रुग्णांची छायाचित्रे त्यांच्या संमतीवाचून छापावयाची नाहीत. वर्तमानपत्रात निवेदन द्यावयाचे ते व्यवसाय सुरू केला, पत्ता बदलला, काही काळ गावाबाहेर आहे, परत आलो, दुसऱ्याचा व्यवसाय चालविण्यास घेतला अशा मोजक्या प्रसंगी. आता चौकाचौकांत पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फलकांवर खालच्या ओळीत जे ‘शुभेच्छुक’ डॉक्टर पदव्यांसह झळकतात, ते यांपैकी कोणत्या प्रसंगात बसतात हे कोडे मला सुटलेले नाही.

डॉक्टर आणि रुग्णाचे नातेवाईक यांच्यातील कलह पुष्कळदा उपचारावरून पेटलेला दिसला तरी त्याची ठिणगी बिलावर पडलेली असते. सात दिवस रुग्ण आत. बिलाविषयी कोणी शब्द काढलेला नाही. आठव्या दिवशी दुपारी, घरी न्यायला गाडी येऊन उभी राहिल्यावर, आकडा कळतो. विमा असेल तर आणखी चार तास कंपनीच्या मंजुरीची वाट, आणि मग हातमोजे, नोंदणीशुल्क, जेवण असल्या बाबी वगळून आलेली कमी रक्कम. उरलेले कोणी भरावयाचे यावर वाद. रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा अधिनियम आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाईची तरतूद आहे. पण रोज संध्याकाळी त्या दिवसापर्यंतच्या बिलाचा कागद नातेवाइकांच्या हाती देणारे रुग्णालय त्या अधिनियमाच्या वाटेला क्वचितच जाते. २०२१ च्या सुधारित नियमांनी शुश्रूषागृहांत रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागी लावणे बंधनकारक केले, आणि थकबाकीसाठी मृतदेह अडवून ठेवता येणार नाही असेही बजावले. विम्यात काय बसत नाही, हे दाखल होतानाच मराठीत सांगून त्यावर सही घेणे, ही सूचना नियमांत नसली तरी पाळण्यासारखी आहे.

शेवटची बाब म्हणजे दवाखाना बंद करणे, आणि तिचा विचार तर जवळजवळ कोणीच करीत नाही. चाळीस वर्षे एका पेठेत बसलेल्या डॉक्टरांचा मुलगा परदेशी असतो अथवा मोठ्या शहरातील रुग्णालयात पगारावर असतो. त्याला वडिलांची खुर्ची नको असते. एखादा तरुण डॉक्टर जागेसकट व्यवसाय घेण्यास तयार होतो, आणि मग नावलौकिकाची किंमत काय धरावी यावर बोलणी अडतात. वह्या असतील तर गेल्या तीन वर्षांची जमा आणि येणारे रुग्ण यांवरून बोलणे होऊ शकते. नसतील तर एकाला आपली चाळीस वर्षे दिसतात आणि दुसऱ्याला जुने फर्निचर. निदान तीन महिने आधी दारावर सूचना लावावी, जुन्या रुग्णांना आपापले कागद घेऊन जाण्यास सांगावे, मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या नेहमीच्या रुग्णांची नव्या डॉक्टरांशी समक्ष गाठ घालून द्यावी, जुने केसपेपर कोणाच्या ताब्यात राहतील ते करारात लिहावे. व्यवसाय कराचा दाखला, प्रदूषण मंडळाची परवानगी, सोनोग्राफीची नोंदणी ही ज्याची त्याने अर्ज करून रद्द करून घ्यावयाची असते आणि पोचपावती फाइलला लावावयाची असते. नाही तर कुलूप लावलेल्या दवाखान्याच्या फटीतून नोटिसा आत पडत राहतात, आणि दंडाची आकारणी चालू राहते.